खाडीत कुजबुजणारे सारंगचाचा

सारंगचाचांची हाक अरबस्तानातल्या फुजैराच्या किनाऱ्यावरून थेट समुद्रात उभ्या बोटीपर्यंत पोहोचायची. पण जवळच्या कलब्याच्या खाडीत होडी शिरली की हाच माणूस कुजबुजायला लागायचा. "हळू बोल बाबू. आपण पाहुणे आहोत इथे."

ते रत्नागिरीकडचे. मोठ्या जहाजांवर आयुष्य काढून १९६०च्या दशकात आमच्या कंत्राटदाराच्या लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारे, झाले होते. मी तिथे कारकून. शुक्रवारी ते मला खाडीतली तिवरांची झाडं दाखवायला न्यायचे. मुळांमध्ये खेकडे, फांदीवर निळा खंड्या, आणि वल्हं मारता मारता चाचांची एकच ठरलेली गोष्ट.

लाकूड भरायला त्यांचं जहाज कॅनडाच्या उत्तर भागात गेलं होतं. तिथल्या एका राखणदाराने त्यांना होडीतून नदीकाठचं राखीव जंगल दाखवलं. "सुईसारख्या पानांची झाडं, सरळ उभी. एक जनावर दातांनी झाड पाडून नदीला बांध घालत होतं. मी राखणदाराला विचारलं, आम्ही फांदी तोडली तर दंड, मग याला का नाय? तो म्हणाला, घर त्याचं आहे." एवढं सांगून चाचा पुन्हा वल्हं मारायला लागायचे.

एकदा आमच्या कॅम्पच्या भटारखान्याला जळण कमी पडलं. तिवरं तोडायचा हुकूम निघाला. कागद मीच टाइप केला, साहेबाच्या वतीने सहीही माझीच. दुसऱ्या दिवशी चाचा ऑफिसात आले. मला वाटलं, आता ओरडतील.

"सही तुझी हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग साहेबाला घेऊन उद्या सकाळी चल. ओहोटी हाय."

इंग्रज साहेब कुरकुरतच होडीत बसला. तोपर्यंत कडेची वीसेक झाडं पडली होती. चाचांनी मुळांजवळचं पाणी दाखवलं. बोटाएवढी पिल्लं तिथे दाटीने फिरत होती. "साहेब, मछली का बच्चा इधर बडा होता है. पेड खलास, तो गाँव का जाल भी खलास."

साहेब बराच वेळ वाकून पाहत राहिला. ऑफिसात परतल्यावर त्याने माझा कागद फाडला आणि भटारखान्यासाठी रॉकेलचे स्टोव्ह मागवले.

रिकाम्या जागी आम्ही दोघांनी तिवराच्या बिया चिखलात रोवल्या. बऱ्याचशा भरतीने नेल्या. आम्ही पुन्हा रोवल्या.

दोन वर्षांत चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि मुलाने त्यांना गावी बोलावलं. जाण्याआधी मी त्यांना होडीतून तिथे नेलं. त्यांना नीट दिसत नव्हतं. चिखलात उतरून त्यांनी एकेक रोप चाचपलं.

"गुडघ्याला लागतात की रे," ते म्हणाले. "वाढतील इन्शाल्ला. तू आहेस ना इथे?"

मला स्वतःला वर्षअखेरीस घरी परतायचं होतं. तसं मी वडिलांना पत्रही लिहिलं होतं. पण तोंडातून "आहे" निघून गेलं.

मग मी आणखी सहा वर्षं राहिलो. शेवटच्या उन्हाळ्यात त्या झाडांच्या सावलीत होडी बांधून मी डबा खाल्ला.