उत्तर आधी, गणित मागून

धाड गावच्या बाजारपेठेत, खताच्या दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत निवृत्ती सरांचा गणिताचा क्लास. बी.एस्सी.ला गणितात तीनदा गटांगळ्या खाऊनही सर गणिताला भ्याले नाहीत. वळसा घालून त्याच्या मागच्या दाराने शिरले. गाइडातली उत्तरांची पानं कापून त्यांनी हजेरीच्या वहीत चिकटवलेली. "हर्षल?" "यस सर!" होईस्तोवर उत्तर हेरलेलं. मग ते फळ्याच्या तळाशी लिहायचं आणि गणित वरून ओढत तिथवर आणायचं. "पाह्यलं काय बे पोट्टेहो? घसरगुंडीवानी आलं!"

त्या दिवशी शेतकरी गुलाबराव आपल्या दहावीतल्या मुलीला, पुष्पांजलीला घेऊन क्लास पाहायला आले. त्यांना पटलं तर गल्लीतली आणखी पाच पोरं येणार होती. समोरच्या नव्या क्लासने सरांची निम्मी पोरं पळवलेली, त्यामुळे सरांनी शर्टाला आणि आवाजाला दोन्हीला कडक इस्त्री केली होती.

"त्रिकोणाचे कोन एक्सचा वर्ग, पाच एक्स आन तीस अंश. एक्स काढा!"

वहीत उत्तर होतं बारा. यंदा पुस्तक बदललं आणि गणितं एक घर पुढे सरकली, हे मात्र वहीला कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी तळाशी बारा लिहिलं, वर समीकरण मांडलं, आणि मधे खडू नुसताच फिरवला. "हे इकडून तिकडं घेतलं, ते तिकडून इकडं. आले बारा!"

पुष्पांजली उठली. "सर, मंग कोन एकशे चव्वेचाळीस, साठ आन तीस. बेरीज दोनशे चौतीस होऊन राह्यली."

"होऊ दे ना! उत्तर बरोबर हाय."

"एकशे ऐंशी पाह्यजे ना सर?"

सरांनी बाराखाली आणखी एक रेघ ओढली. "मोठ्या त्रिकोणात थोडी वाढते, बाई."

गुलाबराव खाकरले. "सर, माहं वावर तिकोनी हाय, सात एकराचं. कोन असे वाढत असते तं नांगरता नांगरता मी आजलोक शेजाऱ्याच्या विहिरीत असतो."

पोरं खिदळली. पुष्पांजलीने फळ्यावर अवयव पाडले: दहा किंवा उणे पंधरा. उणे अंशाचा कोन नसतो, म्हणून दहा. बेरीज बरोबर एकशे ऐंशी.

"शाब्बास!" सर गरजले. "तुमची परीक्षा पाह्यासाठीच मी मुद्दाम चुकलो!"

गुलाबरावांनी टोपी नीट केली. "समजलं सर. पण चुका कराले घरी मी हावोच ना. त्याच्यासाठी पोरीले जिना कायले चढवू?"

बापलेक खाली उतरले आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या क्लासचा जिना चढले.