चपला काढून केलेले फोन

सामंत मॅडम फोन लावण्याआधी चपला काढायच्या. टेबलाखाली, नीट जोडीनं. मग उभ्या राहायच्या, निऱ्यांवरून एकदा हात फिरवायच्या आणि नंबर दाबायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गुडघ्यांचा काही व्यायाम असेल. पुन्हा पाहिलं तेव्हा मी विचारलं. म्हणजे विचारलं नाही, मी कुणाला काही विचारत नसे, नुसतं चपलांकडे पाहत राहिले. त्या म्हणाल्या, "बघतेस काय? कुणाच्या घरात तू चपला घालून शिरतेस?"

आमचं ऑफिस लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत आहे. आम्ही उदास आणि घाबरलेल्या लोकांना मोबाइलवर बरं करतो. आठ धडे असतात. मनात येणारे विचार कसे पकडायचे, ते तपासून कसे पाहायचे, ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ थोडं थोडं कसं जायचं, असं सगळं त्यात शिकवलेलं असतं. प्रत्येक धड्यानंतर आमच्यापैकी एक मार्गदर्शक त्या माणसाला निरोप लिहितो. धड्यांमधून एक कासव फिरतं आणि मधूनमधून डोळा मारतं. ऑफिसातल्या मीटिंगच्या खोल्यांना 'शांती', 'करुणा' अशी नावं आहेत. सगळ्यात मोठी भांडणं 'शांती'त होतात, कारण तिथला एसी चांगला आहे.

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी ही नोकरी मुद्दाम निवडली. दुःखी माणसांना मदत करायची माझी इच्छा अगदी प्रामाणिक होती. ती माणसं समोर नसावीत, एवढीच माझी अट होती.

आणि तिथं नेमक्या सामंत मॅडम माझ्या वरिष्ठ म्हणून आल्या. महापालिकेच्या एका रुग्णालयात मनोविकार विभागात जन्म घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या मालवणच्या, राहायला माटुंग्याला. एरवी बोलणं शुद्ध, पण चिडल्या की थेट मालवणी. माझी शाळा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतली आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी माझं नाव 'कॉन्व्हेंट' झालं.

माझे निरोप त्या मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. एकदा मी एका बाईंना लिहिलं होतं, 'तुम्ही या आठवड्यात विलक्षण धैर्य दाखवलंत! आम्हाला तुमचा अभिमान वाटतो!'

"काय केलं तिनं?" मॅडमनी विचारलं.

"बरेच दिवस साचलेली भांडी घासली."

"मग तसं लिही. भांडी घासलीत, वाचून बरं वाटलं. आधी कुठलं भांडं घेतलंत? धैर्याचं काय ते तिचं ती ठरवेल. आणि हा अभिमान कुणाला वाटतोय? तुला की कासवाला?"

मी दुरुस्त केलं. बाईंचं उत्तर आलं, तेही पहिल्यांदाच तीन ओळींपेक्षा लांब. आधी कुकर घेतला होता त्यांनी.

आमच्याकडे धड्यांचा हा कार्यक्रम सुधारण्याचं काम बारमाही चालतं. ते निखिल करतो. तो माझ्याच वयाचा आहे, पण आत्मविश्वास त्याला दोघांचा मिळालेला आहे. लोक धडे अर्धवट टाकून जातात, हा त्याचा सलणारा विषय. अहवालात त्याला 'गळती' म्हणतात. गळती थांबवायला त्यानं धडे छोटे केले, मग रंग बदलले, मग कासवाला टोपी घातली. जो थांबेल त्याला रडणाऱ्या कासवाचं चित्र जायचं, खाली 'तुमची आठवण येते!' म्हणजे जो आधीच स्वतःला सगळ्यांच्या दुःखाचं कारण समजतोय, त्याच्या माथी एक कासवही मारायचं.

"गळती नळाला लागते," मॅडम म्हणायच्या. "माणसं उठून जातात. आणि उठून जाणाऱ्याकडे कारण असतं. विचारायला गेलं पाहिजे."

त्या चपला काढायच्या त्या अशा फोनसाठी. सोडून गेलेल्या प्रत्येकाला त्या फोन करायच्या आणि सुरुवातीचं वाक्य कायम एकच असायचं: "तुम्ही थांबलात, त्यात तुमचं काही चुकलं नाही. आमचं काय चुकलं, ते विचारायला फोन केलाय." पलीकडचे बहुतेक वेळा आधी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. असं काही विचारायला कुणाचा फोन येतो, याची या शहरात कुणाला सवय नाही.

मग वैशाली धडे सोडून गेली. हे तिचं खरं नाव नाही. प्रभादेवीच्या एका जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणारी, लग्न झालेली, माझ्या यादीतली. जिना उतरायला लागलं की तिची छाती धडधडायची आणि आता आपण पडणार, मरणार, असं वाटायचं. कितीतरी महिने ती खाली उतरलीच नव्हती. धडे सुरू झाल्यावर ती रोज एकेक पायरी जास्त उतरत होती आणि मला लिहीत होती. पहिल्या वळणापर्यंत आली. मग दुसऱ्या. आणि एकदम गप्प झाली.

"मी तिला छान ईमेल लिहिते," मी म्हटलं.

"फोन चावता काय गो तुका?" मॅडम म्हणाल्या.

चावत होता. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की माझ्या तळव्यांना घाम येतो. त्यावरचा आमचा धडा मी स्वतः तपासला होता आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या. मॅडमनी मला 'करुणा'त बसवलं, स्वतः 'शांती'त गेल्या आणि तिथून वैशालीचा नवरा झाल्या.

"कोण बोलतंय?" त्या खर्जात गुरकावल्या. काचेतून मला त्यांचा पदर दिसत होता.

"मी एका मानसिक आरोग्य..."

"बस्स. घरात कळलं. गेली बाई कामातून! नाव सांग, काम सांगू नकोस. त्यांच्या ओळखीची, एवढं पुरे. आणि वाक्याच्या शेवटी आवाज पाडू नकोस. पत्ता विचारतेयस की माफी मागतेयस?"

नवऱ्यानंतर त्या दीर झाल्या, मग शेजारीण. शेजारणीच्या भूमिकेत त्यांनी मला माझा पगारही विचारला. शेवटी मी खराखुरा फोन लावला, अर्थात बूट काढून. तो सासूबाईंनी उचलला. सासूची तालीम आम्ही केलीच नव्हती.

"वैशालीकडे काय काम?"

"मी त्यांच्या ओळखीची."

"गेमवाली काय तू? तूच लावलंस तिला ते?"

मी काही बोलायच्या आत फोन वैशालीनं घेतला आणि ती बाहेर गॅलरीत आली असावी, कारण मागे कुणाचा तरी रेडिओ ऐकू यायला लागला. मी मॅडमचं वाक्य म्हटलं. शेवटी आवाज पडलाच. वैशाली म्हणाली, "मॅडम, ते वाजतं ना."

"काय वाजतं?"

"धडा संपला की. ढॅणटढॅण."

ही निखिलची सगळ्यात लाडकी सुधारणा. धडा पूर्ण झाला की पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडायचे, कासव नाचायचं आणि बक्षीस लागल्यासारखी धून वाजायची. फोन सायलेंटवर असला तरी वाजायची. ते तिचं वैशिष्ट्य होतं. वैशालीचं घर एका खोलीचं. दुपारी सासूबाई झोपल्या की ती मोरीच्या कठड्याशी बसून धडा करायची. एका दुपारी सासूबाई दचकून उठल्या आणि म्हणाल्या, "काय जिंकलीस गं?"

"काय सांगणार? म्हटलं, गेम होता," वैशाली म्हणाली. "तर आता घरात सगळ्यांना वाटतं मी दिवसभर गेम खेळते. हे पण म्हणाले, म्हणून जिना उतरत नाहीस होय, गेम सुटत नाही! आधी निदान आजारी तरी समजायचे."

"आवाज बंद करता..." मी म्हटलं आणि थांबले. बंद करायची सोयच नव्हती.

मॅडमनी हे सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. मग चपला घातल्या. याचा अर्थ त्या कुणाच्या घरात जाणार नव्हत्या. 'शांती'त निखिल म्हणाला, "मॅडम, युजर्सना ती ट्यून आवडते. डेटा आहे माझ्याकडे."

"ज्यांना नाही आवडली ते तुझ्या डेटात आहेत का रे?"

"ते... ते नाहीत. ते सोडून गेले ना."

"हं," मॅडम म्हणाल्या. "आण तुझा फोन."

त्या फोन घेऊन बाहेर आल्या, जिथं आख्खा मजला मान खाली घालून काम करत होता, आणि एक धडा शेवटापर्यंत दाबत नेला. ढॅणटढॅण! सगळ्या माना वर. हिशेब खात्यातले दोघं तर उभे राहिले.

"आता सांग यांना, काय जिंकलास ते. सगळे वाट बघतायत."

निखिल लाल झाला. तसा तो मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिला नाही. त्याच्याबद्दल मला थोडी आपुलकी वाटली, पण ती सोमवारपर्यंतच टिकली.

धून गेली. नव्या आवृत्तीसोबत 'आता अधिक शांत अनुभव!' अशी जाहिरात झाली आणि निखिलनं 'मूक कौतुकाचं महत्त्व' या विषयावर कुठल्याशा परिषदेत भाषण केलं. त्यात एक 'काल्पनिक गृहिणी' होती. वैशाली परत आली. पुढचे धडे तिनं सावकाश केले, मधे दोनदा वरच्या मजल्यावर परत पळाली, आणि एके दिवशी तिचा निरोप आला: 'खाली उतरून कोथिंबीर घेतली.'

मी मॅडमकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? कशी होती विचार."

विचारलं. 'निम्मी सडकी निघाली,' वैशालीनं लिहिलं. 'उद्या जाऊन भांडणार आहे.'

इतकं सगळं घडल्यावर कंपनीनं जे करायला हवं तेच केलं. सामंत मॅडमचा करार वाढवला नाही. सोडून गेलेल्यांना फोन करणं वेळखाऊ आहे असं ठरलं आणि ते काम रेकॉर्ड केलेल्या आवाजाकडे दिलं. तो आवाज सुंदर आहे. 'आम्हाला तुमची काळजी आहे' म्हणतो आणि एक दाबायला सांगतो. निरोपाला कासवाच्या आकाराचा केक आणला होता. मॅडमनी पाठीचा तुकडा मागितला, खाल्ला आणि म्हणाल्या, "आयुष्यभर माणसं बरी केली, शेवटी कासव खाल्लं." सगळे हसले. मला काही बोलायचं होतं, ते मी अर्थातच बोलले नाही.

सुरुवातीला माझ्या मेसेजना त्यांची उत्तरं यायची. 'कॉन्व्हेंट, आवाज पडतो का अजून?' मग नुसता अंगठा यायला लागला. मग तोही बंद झाला. मला वाटलं, कामात असतील. एक सहकारी माटुंग्याच्या बाजारात त्यांना भेटली. "मी हाक मारली तर नुसतं बघितलं गं," ती म्हणाली. "घरातल्या गाऊनवरच होत्या. ओळखलंच नाही जणू." सामंत मॅडम, ज्या फोनवर बोलायलासुद्धा निऱ्या नीट करायच्या. कामात असतील, असं मी आणखी काही दिवस म्हणत राहिले. उदासीची लक्षणं पहिल्या धड्यात असतात. ती मी दर आठवड्याला लोकांना पाठवते.

आधी मी ईमेल लिहिला. छान होता. मोठ्यानं वाचून पाहिला आणि पुसून टाकला.

मग लिफ्टसमोरच्या जिन्यात गेले आणि फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. मी ठेवणार तेवढ्यात पलीकडून आवाज आला. ओळखू न येण्याइतका बारीक.

"कोण?"

"मी त्यांच्या ओळखीची," मी म्हटलं, कारण तेवढंच सुचलं. आणि मग दम न घेता पुढचं म्हणून टाकलं. "तुम्ही थांबलात, त्यात तुमचं काही चुकलं नाही. आमचं काय चुकलं, ते विचारायला फोन केलाय."

खालच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होतं.

"शेवटी आवाज पडला," त्या म्हणाल्या.

"पुन्हा म्हणू?"

"नको. ऐकलं मी." आणि मग, "चपला काढल्यास?"

जिन्याची लादी गार होती आणि माझे सँडल माझ्या शेजारी, नीट जोडीनं होते.

"हो."

"मग ये आत," सामंत मॅडम म्हणाल्या.