ब्रेकबाईचं दुखणं

गाडी शिकायला येणारी मंडळी तिला पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणायची. एक तर शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो जादा ब्रेक दाबायला ती कधी चुकायची नाही. दुसरं म्हणजे तासाभराच्या शिकवणीत एकदा तरी, "गाडी बाजूला घे, आलेच," म्हणून उतरायची. कधी पेट्रोल पंपावर, कधी वाचनालयापाशी, कधी बस स्टँडवर. जिथे स्वच्छतागृह, तिथूनच तिचा रस्ता. तिच्या हाताखाली शिकलेले लोक गाडी कडेला लावण्यात मात्र एकदम तयार व्हायचे. ही गंमत ती स्वतःच सांगायची. त्याच्या पुढचं सांगायची नाही.

पुढचं म्हणजे ओटीपोटातली आग. मूत्राशय जरा भरलं की खाली कुणी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. जाऊन आलं की थोडं निवायचं, की पुन्हा तेच. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत हे सुरू झालं. डॉक्टरांनी आधी जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या दिल्या. मग तपासण्या स्वच्छ यायला लागल्या, तेव्हा एकजण म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. मन रमवा." जे झालेलंच नाही ते दुसऱ्याला काय सांगायचं? ती गप्प बसली.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस हौशी. सुट्टीच्या दिवशी त्याला घरात चैन पडायचं नाही. सिनेमा तर हवाच. ती कडेची खुर्ची मागायची, मध्येच दोनदा उठायची. पुढे पुढे जायचंच टाळायला लागली. लांबच्या प्रवासाला तर आधीच डोकं दुखायला लागायचं, म्हणजे तसं ती सांगायची.

सगळ्यात अवघड होतं ते त्याच्या जवळ जाणं. एका रात्रीनंतर चार दिवस आत नुसता जाळ. मग ती भिंतीकडे तोंड करून निजायला लागली, आणि एक दिवस "तू घोरतोस" म्हणून अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेली.

एका संध्याकाळी त्याने विचारलं, "माझा कंटाळा आलाय का तुला?"

तेव्हा ओढणीखाली तिने गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरली होती. ओढणी बाजूला केली असती तरी पुरलं असतं. ती म्हणाली, "उगाच फाटे फोडू नकोस."

त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. एकदा कळ सोसवत नसताना ती खेकसली, "हो, आलाय. झालं समाधान?"

त्यानंतर त्याने विचारलं नाही. वर्षभरात ते वेगळे झाले, भांडणतंटा न करता. धाकटी नणंद तेवढी येऊन रडली. "वहिनी, माझा दादा एवढा वाईट होता का गं?"

"नाही गं. चांगलाच आहे तो."

"मग?"

तिने चहाचं आधण ठेवलं आणि बाथरूममध्ये गेली. बाहेर आली तेव्हा आधण आटलं होतं आणि नणंद निघून गेली होती.

त्याने पुढे दुसरं लग्न केलं. ती गाडी शिकवत राहिली. बऱ्याच वर्षांनी एक प्रौढ बाई शिकायला आल्या. मूत्ररोगाच्या डॉक्टर होत्या. तिसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे उतरून परत आली, तर त्यांनी गाडी सुरूच केली नाही. म्हणाल्या, "भरलं की दुखतं आणि जाऊन आलं की कमी होतं, असं आहे का?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

दवाखान्यात नीट तपासणी झाली, दुर्बीण घालून आतून पाहिलं. मूत्राशयाचं जुनाट दुखणं निघालं. पूर्ण जाणार नाही, पण औषधं, व्यायाम आणि पथ्य सांभाळलं तर आटोक्यात ठेवता येईल. चहा सुटला, आंबट सुटलं. दुखणं जन्माचं आहे म्हणून ती रडतेय असं डॉक्टरीणबाईंना वाटलं. ती म्हणत होती, "म्हणजे मी नाटकं करत नव्हते."

मग ती त्याच्या दुकानात गेली. वाचायचा चष्मा खरोखरच हवा होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्याने तिच्या नाकावर तपासणीची चौकट ठेवली, भिंग बदललं. "आता नीट दिसतंय?"

तिने सगळं सांगून टाकलं. हातातलं भिंग त्याने पेटीत ठेवलं. मग पुसायच्या फडक्याची घडी घालत राहिला.

"मला वाटायचं, माझ्या अंगाला घाण वास येत असेल," तो म्हणाला. "मी झोपायच्या आधी परत आंघोळ करायचो. तुझ्या लक्षातही आलं नसेल."

आलं होतं. पण माणूस उकाड्याने करत असेल, असं तिला वाटलं होतं.

"मलाच माहीत नव्हतं रे काय झालंय."

"नाव माहीत नव्हतं. दुखतंय हे तर माहीत होतं ना?"

तिने चौकट नाकावरून उतरवली. तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन आला. "जेवायला निघतोच आहे," तो हळू आवाजात म्हणाला, आणि तिच्या चष्म्याचा नंबर लिहून घेतला. चष्मा आणायला ती गेली तेव्हा नोकराने पुडकं हातात दिलं. तो आत होता की नव्हता, तिने विचारलं नाही.

महिन्याभराने नणंदेचा फोन आला. "वहिनी," म्हणाली आणि अडखळली. वहिनी आता दुसरीच होती. "दादाने सांगितलं. मी तुला चारचौघांत काय काय बोलले गं."

"तुला तरी कुठे माहीत होतं?"

"आम्हाला सांगायचंस तरी. आम्ही काय परके होतो?"

"नव्हतात," ती म्हणाली. "तेच तर आता खातंय मला."