यमुनामावशीचा बायलर

आमच्या दारात मासळीची पाटी उतरवली, की यमुनामावशी आधी भाव सांगत नसे. "बाय, ऊन पाणी हाय का?" असं माझ्या बायकोला विचारायची. अनघा पातेलंभर पाणी कोमट करून आणायची आणि मावशी त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून डोळे मिटून बसायची. पहाटेपासून बर्फातल्या मासळीत वावरलेली बोटं मोकळी झाली, की मग विळी पुढे ओढायची. म्हणायची, "बोटांना विचारल्याबिगर कापायला बसू नये. एखादं पापलेटाबरोबर जायचं."

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायच्या नोकरीसाठी बोईसरला आलो आणि इथलाच झालो. मावशी जवळच्या मुरबे गावची. नवरा लवकर गेला. एकुलत्या निलेशला तिने मासळी विकून वाढवलं.

आमची मुलगी जन्मली तेव्हा सासूबाई आजारी होत्या, माझी आई तर आधीच गेलेली. मावशीला कळल्यावर ती रोज पाटी रिकामी झाली की यायची, लिंबाने हात चोळून वास घालवायची आणि बाळाला न्हाऊ घालायची. पाणी तपासायची ते कोपर बुडवून. "हातांना काय कळतंय? ते मेले बर्फात. कोपर खोटं बोलत नाय." इतक्या वर्षांच्या बर्फाने तिच्या बोटांची संवेदनाच कमी झाली होती, हे मला तेव्हा समजलं.

निलेश बोटीवर कमवायला लागला, लग्न झालं, नात झाली, आणि जुन्या झोपडीच्या जागी विटांचं घर उभं राहिलं. एक दिवस मावशी मला म्हणाली, "भाऊ, तुमी कंपनीचा बायलर बघता. माझ्या घरचा बायलर तुमीच निवडायचा." गिझरला ती शेवटपर्यंत बायलरच म्हणाली.

रविवारी मी, मावशी आणि निलेश बोईसरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कितने लोग नहाएंगे, मौसी?"

"हायत धा-बारा," मावशी म्हणाली आणि भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या टाकीकडे बोट दाखवलं.

निलेश चमकला. "आय, आपण चार माणसं. त्यातलं एक अजून रांगतंय. एवढा हत्ती कशाला?"

"मना पायजे."

"मग तूच बस निवडत." तो बाहेर टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला. मावशीचा चेहरा उतरला, पण बोट खाली आलं नाही.

मी तिला समजावलं, की मोठी टाकी लागो न लागो, सगळं पाणी तापवत बसते. वीज फुकट जाते. चार माणसांना मधली पुष्कळ. तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "भाऊ, आमच्या आळीच्या बाया पहाटे बंदरावरून येतात. बर्फातून. घरी जाऊन पाणी ठेवेपर्यंत पोरं उठतात, त्यांचं करावं लागतं. बोटं तशीच रातात. मना वाटलं, आपल्या दारात एक नळ असला, तर येता येता हात शेकतील. बस."

मी म्हणालो, "मावशी, हात शेकायला आंघोळीएवढं पाणी लागत नाही. गार पाणी मिसळलं की मधल्या टाकीत सगळ्यांचं होईल. फक्त ती न्हाणीत नको. मागच्या पडवीत लावू. एक नळ आत, एक बाहेर."

"पुरेल?"

"पुरेल."

मी बाहेर जाऊन निलेशला सांगितलं. तो बराच वेळ चपलेने माती उकरत राहिला. "मना सांगायचं ना," एवढंच म्हणाला, आणि आत येऊन त्याने टाकी स्वतः उचलली.

तिथलं पाणी मचूळ, टाकीला गंजापासून वाचवणारा आतला दांडा लवकर झिजायचा. तो बदलायला मी दरवर्षी मुरब्याला जायचो. पहाटे पडवीत बायका नळाभोवती उकिडव्या बसलेल्या असायच्या, मावशीला चिडवायच्या, घरातल्या कुरबुरी सांगायच्या. मावशी अधूनमधून दटावायची, "नळ बंद करून बोल. पाण्याला बिल हाय, तोंडाला नाय."

मागच्या श्रावणात मावशी गेली. झोपेतच. आम्ही पोचलो तेव्हा तिला पडवीत आणलं होतं आणि शेवटची आंघोळ घालायची तयारी चालली होती. आळीतली प्रत्येक बाई स्वतःचा तांब्या घेऊन आली होती. सून कोपराने पाणी बघत होती, रडत होती. निलेशने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, पाणी पुरेल ना?"

मी रांगेतल्या बायका मोजायला लागलो.

रांग सरकत गेली. अजून बऱ्याच बायका मागे होत्या, तेवढ्यात नळाला गार पाणी यायला लागलं. बाहेर तिरडी बांधून तयार होती. कुणी जाणता माणूस म्हणाला, "आता घ्या उरकून, पावसाचं लक्षण हाय."

रांगेत पुढे उभ्या असलेल्या म्हातारीने नळ बंद केला. "यमुनीला गार पाणी नाय घालायचं," ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसली. तिच्यामागे बाकीच्या बसल्या. पाणी पुन्हा तापेपर्यंत सगळं मुरबे थांबून राहिलं.