हेलिकॉप्टरची धुरकटलेली काच

तासाभरापूर्वी चिकटवलेली काच पांढरी पडली होती. ओल्या फडक्यानं पुसली, तरी पांढरीच. पांढरेपणा आतून होता.

काच म्हणजे प्लास्टिकचा पातळ, पारदर्शक तुकडा. हेलिकॉप्टरच्या मॉडेलची पुढची खिडकी. वाळूजच्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झाल्यावर सहा वर्षांपूर्वी मी पडेगावात मॉडेल बनवायचं छोटं वर्कशॉप काढलं. बहुतेक काम कंपन्यांचं, मशीनच्या छोट्या प्रतिकृती. हे काम मात्र गायकवाड काकांचं होतं. ते हवाईदलात हेलिकॉप्टरचे टेक्निशियन होते. सुट्या भागांचं किट त्यांनी नोकरीत असताना घेतलेलं, आता बाजारात न मिळणारं. त्यांचे हात थरथरायला लागल्यामुळं ते किट माझ्याकडं आलं. शुगरनं त्यांची नजरही उतरत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे बघायचं ते लवकर बघून घ्या.

त्यांची एकच अट होती. किटमधलं बंद दार उघडं हवं. पुराच्या कामात ते त्याच दारात उभे राहून लोकांना वर ओढून घ्यायचे. दार मी नीट कापलं होतं. ब्लेड उलटं धरायचं आणि त्याच रेघेवरून हलक्या हातानं पन्नास वेळा फिरवायचं. जोर लावला की प्लास्टिक तडकतं.

एवढं सांभाळलं आणि काचेला सुपरग्लू लावला. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरा थर धरते. मला हे माहीत होतं. घाई केली.

काकांना फोन करून खरं ते सांगितलं.

"सांगितलं ते बरं केलं," ते म्हणाले. "व्हय, आमच्याकडं हवाईदलात असंच होतं. चूक झाली की आधी सांगायची, मग दुरुस्तीला लागायचं. करा तुम्ही."

काच काढायची युक्ती मला ठाऊक होती. सुपरग्लू थंडीत ठिसूळ होतो. मॉडेल दोन तास फ्रीजरमध्ये ठेवलं आणि पात्याच्या टोकानं काच अलगद उचकटली. पण ती पॉलिश कशी करायची? दाबली तर मोडणार.

खालच्या गाळ्यात नसीरभाई दातांच्या कवळ्या बनवतात. आमची ओळख जिन्यातल्या सलामापुरती. तरी मी काच घेऊन गेले. आधी त्यांच्या पॉलिशच्या चाकाकडंच बोट दाखवलं.

"मशीन नक्को, मॅडम. गरम होके पिघल जाएगा," ते म्हणाले.

मग हातातली कवळी बाजूला ठेवून त्यांनी दातांचं माप घ्यायची मऊ पुट्टी मळली आणि काच बाहेरच्या अंगानं तीत बसवली. पुट्टी रबरासारखी घट्ट झाली. आता काचेला खालून पूर्ण आधार होता. बोटाएवढ्या जागेत आधी पाण्यातला बारीक पॉलिशपेपर, मग त्याहून बारीक, शेवटी सुती कापडावर पॉलिशची पेस्ट. दोन तास आम्ही आळीपाळीनं घासत होतो. दुपारचं जेवण त्यांनी पुढं ढकललं, ते मला नंतर कळलं. काच आरपार झाली.

या वेळी मी ती लाकडाच्या पांढऱ्या गोंदानं बसवली. तो वाळला की दिसत नाही.

काका पत्नीला घेऊन आले. मॉडेल खिडकीशी नेऊन, डोळ्याला भिंग लावून त्यांनी पुढच्या काचेतून आत बराच वेळ बघितलं. मग भिंग काकूंना दिलं.

"सीटांच्या मधून मागचं दार दिसतंय? तिथं उभा राहायचो मी."

काकूंनी बघितलं. "एवढ्या उघड्या दारात? आणि मला लिहायचात, इथं नुसतं कागदाचं काम आहे म्हणून."

काकूंनी काकांचा हात धरला, तो जाईपर्यंत सोडला नाही.

नसीरभाईंचे आभार मानायला मी गेले तर ते म्हणाले, कवळीपेक्षा हे सोपं होतं, हेलिकॉप्टर तक्रार करत नाही.

पारदर्शक भागाला सुपरग्लू लावू नये. आणि खालच्या गाळ्यात काय चालतं, ते अडचण यायच्या आधी जाऊन बघावं. मला त्याला सहा वर्षं लागली.