एका दाराचं रबर

चुडाव्याचा आश्रुबा म्हणजे गाड्यांच्या दारांना रबर अन् पट्ट्या बसवण्यात मुरलेला माणूस. पण परभणीच्या डॉक्टरांनी त्यांच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारच्या पहिल्या दाराचं काम आश्रुबाच्याच मेव्हण्याला, परमेश्वरला दिलं, अन् आश्रुबाच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्यानंही थांबेना.

काम झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पाणी मारून बघू. गळलं तर दुसरं दार आश्रुबाचं."

आश्रुबा टुणकन आत जाऊन बसला. बाहेरून परमेश्वर पाइपानं पाणी मारायलाय, अन् हा काचा लावून रबराचा कोपरान् कोपरा चाचपायलाय. सगळं कोरडं! जीव नुसता जळायला लागला. तेवढ्यात सीटवर टपकन थेंब पडला.

"गळलं! गळलं!" आश्रुबानं दार उघडलं.

डॉक्टरांनी वाकून रबर पाहिलं, मग आश्रुबाचं कपाळ पाहिलं.

परमेश्वर हसू दाबत म्हणाला, "दाजी, घाम हाय तुमचा. रबर असं बसलंय की वारं बी आत यीना."

डॉक्टरांनी दुसऱ्या दाराचं रबरही परमेश्वरच्याच हातात दिलं.

"लय घट्ट बसवलंस परम्या," आश्रुबा खाली उतरत म्हणाला, "दार उघडता उघडता डॉक्टरांचा हात निखळंल!"