लिपस्टिकच्या आधी

कर्वेनगरात आमच्या खालच्या मजल्यावर पार्लर चालवणाऱ्या बाई मला रोज जिन्यात भेटतात. वेळेच्या पक्क्या, बोलणं तुटक. आयशॅडोच्या पॅलेटमधला रंग त्या आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघतात, त्यामुळे भाजी घेतानाही त्यांच्या हातावर जांभळे-सोनेरी पट्टे असतात. डोळे रंगवून झाले की त्यांना शोभेल अशी लिपस्टिक काढतात आणि ती लावण्याआधी प्रत्येक नवरीला विचारतात, "काही बोलायचं राहिलंय का? एकदा ओठ रंगवले की मुली नुसत्या हसतात."

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला त्याच आल्या. मी खोलीच्या दारात घुटमळत होते.

"अहो ताई, साखरपुडा तिचा आहे. तुमची कशाला घालमेल चाललीय?" असं म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

मुलाकडची माणसं हॉलमध्ये येऊन बसली. सरबत झालं, तरी दार उघडेना. शेवटी बाई बाहेर आल्या. हातातली लिपस्टिक बंदच होती.

"डोळे दोनदा केले, दोनदा वाहून गेले," त्या हळूच म्हणाल्या. "आता तुम्ही आत जा. मी पाहुण्यांना सांगते, माझ्यामुळे उशीर होतोय."